उभे पट्टे, आडवा पट्टा आणि जुना टीव्ही गेम

प्रश्न : आमचं घर चिपळूणचं. जुलै 2021 च्या पुरात तळमजल्यावरचं सगळं सामान बुडालं, त्यात माझ्या लहानपणीचा कॅसेटवाला टीव्ही गेमही होता. आईनं तो पाण्यानं धुऊन, उन्हात वाळवून ठेवून दिला होता. या वर्षी तो उघडला. बोर्डवर हिरवट डाग होते, एका ठिकाणी ट्रॅक तुटला होता. तो एका दुकानदारानं वायर टाकून जोडून दिला. आता गेम सुरू होतो, आवाज स्वच्छ येतो, पण पूर्ण चित्रावर फिकट उभे पट्टे दिसतात. शिवाय एक अंधूक आडवा पट्टा सावकाश वर सरकत राहतो. अधूनमधून रंग जाऊन चित्र काळं-पांढरं होतं. अडॅप्टर जुनाच आहे. दुकानदार म्हणतो, पिक्चरचा आयसी गेला आणि तो आता मिळत नाही. खरंच गेला असेल का?

उत्तर : सगळ्यात आधी तो अडॅप्टर सॉकेटमधून काढा आणि पुन्हा लावू नका. पुराच्या गाळात बुडालेला ट्रान्सफॉर्मर वरून कितीही कोरडा दिसला, तरी त्याच्या वेढ्यांमधल्या कागदात ओल आणि क्षार राहतात. एका बाजूला 230 व्होल्ट आणि दुसऱ्या बाजूला तुमच्या हातातला गेम, यांच्यामध्ये फक्त तेवढंच इन्सुलेशन असतं. गेम दुरुस्त होईल, पण अडॅप्टर नवाच घ्या.

आता आयसीबद्दल. बोर्ड न पाहताही मी बऱ्यापैकी खात्रीनं सांगतो, की तो शाबूत आहे. तुमच्या पत्रातच त्याचा पुरावा आहे. चित्र जागेवर उभं राहतं, पात्रं हलतात, अक्षरं वाचता येतात, म्हणजे तो आयसी दर सेकंदाला पन्नास वेळा पूर्ण पडदा बिनचूक रंगवतो आहे. चित्र बनवण्याचं काम नीट चाललंय. बनलेल्या चित्रात बाहेरून काहीतरी मिसळतंय. हे दोन दोष अगदी वेगळे आहेत. त्यांची गल्लत करून चांगले आयसी उपटले जातात, याचं मला फार वाईट वाटतं. चाळीस पिनांचा जुना आयसी काढताना एखादा पॅड हमखास उखडतो. दोष तर जात नाहीच, वर एक नवा दोष येऊन बसतो.

हे यंत्र मुळात काय आहे ते थोडक्यात सांगतो. निन्टेन्डोनं 15 जुलै 1983 ला जपानमध्ये फॅमिकॉम बाजारात आणला. मासायुकी उएमुरा यांनी त्याची रचना केली होती. त्यात रिको कंपनीचे दोन मुख्य आयसी होते, एक गेम चालवणारा आणि दुसरा चित्र काढणारा. पुढे तैवानच्या यूएमसीनं या जोडीच्या नकला काढल्या. पाल पद्धतीच्या टीव्हीसाठी यूए6527पी आणि यूए6538 ही त्यांची जोडी होती. 1990च्या दशकात आपल्याकडे घरोघरी आलेल्या कॅसेटवाल्या गेममध्ये बहुतांशी याच नकला होत्या. तुमच्या बोर्डवर चाळीस पिनांचे दोन लांब आयसी असतील, तर पुढचं सगळं तुम्हाला लागू आहे. त्याऐवजी डांबरासारखा काळा ठिपका असेल, तर सगळं एकाच चिपमध्ये भरलेलं आहे. तेव्हा पिनांचे आकडे बदलतील, तपासाची रीत मात्र हीच राहील.

ती रीत अशी. चित्रात मिसळणाऱ्या गडबडीचा आकार बघायचा. टीव्ही एक-एक ओळ डावीकडून उजवीकडे काढतो, पाल पद्धतीत सेकंदाला 15,625 ओळी. जी गडबड प्रत्येक ओळीत अगदी त्याच ठिकाणी येते तिचा उभा पट्टा होतो, आणि तो हलत नाही. एवढी तंतोतंत वेळ चित्र काढणाऱ्या घड्याळालाच पाळता येते, म्हणून न हलणारा उभा पट्टा म्हणजे बोर्डच्या आतली गडबड. जी गडबड ओळींपेक्षा खूप संथ आहे ती शेकडो ओळींवर पसरते आणि आडवा पट्टा दिसतो. तो सरकत असेल तर त्याचं मूळ बोर्डच्या घड्याळात नाही, घरच्या विजेत आहे. आणि या दोन्हींच्या मधली, म्हणजे मोबाइल चार्जरसारख्या स्विचिंग अडॅप्टरची काही दहा हजार हर्ट्झची गडबड तिरक्या, सरपटणाऱ्या रेघा काढते. तुमच्याकडे तिरकं काही नाही. उभं आहे आणि आडवं आहे, म्हणजे दोन वेगवेगळे दोष आहेत. ते वेगवेगळेच शोधायला हवेत.

आडव्या पट्ट्याचा शोध सोपा आहे. आपल्या विजेची फ्रीक्वेन्सी 50 हर्ट्झ म्हणतात, प्रत्यक्षात ग्रिडवर 49.90 ते 50.05 च्या पट्ट्यात ती सतत खाली-वर होत असते. तुमचा गेम मात्र स्वतःच्या क्रिस्टलवर सेकंदाला 50.007 पडदे काढतो. या दोन आकड्यांतला फरक तुम्हाला पट्ट्याच्या सरकण्यात दिसतो. ग्रिड 49.95 वर असेल, तर पट्ट्याला पूर्ण पडदा ओलांडायला सतरा-अठरा सेकंद लागतात. ग्रिड 50.007 च्या वर गेला की पट्टा उलट्या दिशेनं सरकू लागतो. संध्याकाळी थोडा वेळ बघत बसला असतात, तर त्याचा वेग बदलताना दिसला असता. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते. देशभराच्या वीजमागणीचा चढउतार चिपळूणच्या खोलीत एका जुन्या खेळाच्या पडद्यावर दिसतो आहे!

आता पट्ट्यांची संख्या. तुम्ही ‘एक’ लिहिलं आहे, आणि हा तपशील फार कामाचा आहे. अडॅप्टरमधले डायोड नीट असतात तेव्हा ते विजेच्या लाटेचे दोन्ही अर्धे वापरतात. मग सेकंदाला शंभर उसळ्या येतात आणि पडद्यावर दोन पट्टे पडतात. एकच पट्टा असेल, तर उसळ्या पन्नासच येताहेत, म्हणजे बहुतेक एक डायोड उघडा पडला आहे किंवा त्याचा पाय गंजून सुटला आहे. अशा वेळी मोठ्या फिल्टर कंडेन्सरला दुप्पट वेळ भार एकट्यानं वाहावा लागतो. बोर्ड 300 मिलिॲम्पिअर घेतो आणि कंडेन्सर 1000 मायक्रोफॅरॅडचा आहे असं धरा. दोन उसळ्यांच्या मधल्या काळात कंडेन्सरवरचा व्होल्टेज एरवी तीन व्होल्टनं उतरतो, आता सहा व्होल्टनं उतरेल. बोर्डवरच्या 7805 रेग्युलेटरला आत साधारण सात व्होल्ट मिळाले तरच तो बाहेर पाच स्थिर ठेवू शकतो. प्रत्येक उताराच्या तळाशी त्याचा तोल जातो, पाचाचे साडेचार होतात आणि तेवढ्या ओळी अंधूक पडतात. चित्राचा आयसी आपला पांढरा-काळा याच पाच व्होल्टमधून कापून देतो, त्यामुळे पाच हलले की चित्र हललंच.

याची खात्री दहा मिनिटांत होते. दीड व्होल्टचे सहा पेन्सिल सेल एका होल्डरमध्ये घाला, नऊ व्होल्ट होतील, आणि त्यावर गेम चालवा. चौकोनी नऊ व्होल्टची बॅटरी नको, तिला एवढा करंट झेपत नाही. वायर लावण्याआधी जुन्या अडॅप्टरच्या पिनचा प्लस-मायनस छापील खुणेवरून बघून घ्या, कारण अशा अनेक गेममध्ये पिनचं मधलं टोक मायनस असतं, हल्लीच्या अडॅप्टरच्या बरोबर उलट. सेलवर आडवा पट्टा नाहीसा झाला, तर तो विषय संपला. नवा अडॅप्टर घ्या आणि बोर्डवरचा मोठा इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सरही त्याच व्होल्टेजचा किंवा त्याहून वरचा नवा टाका, कारण पुरात भिजलेला आणि तीस वर्षं जुना कंडेन्सर ठेवण्यात काही अर्थ नाही.

उभे पट्टे मात्र सेलवरही राहतील. खरी गंमत तिथे आहे.

हे पट्टे पडद्यावर मोजलेत तर बत्तीस भरतील. चित्र आडवं 256 ठिपक्यांचं असतं आणि चित्राचा आयसी ते आठ-आठ ठिपक्यांच्या तुकड्यांनी काढतो. प्रत्येक तुकड्यासाठी त्याला चार वेळा मेमरीकडे जावं लागतं. या जागी कोणता तुकडा हे एकदा विचारायचं, त्याचा रंग कोणता हे एकदा, आणि तुकड्याचा नक्षा दोन हप्त्यांत आणायचा. दर वेळी त्याच आठ पिनांवर आधी पत्ता जातो, मग त्याच पिनांवरून माहिती येते. म्हणजे आठ ठिपक्यांच्या प्रत्येक फेरीत करंटची एक ठरावीक धडपड होते, दर दीड मायक्रोसेकंदाला तीच. चित्राची पिन 21 नंबरची. तिच्या अगदी समोर, आयसीच्या त्याच टोकाला, 20 नंबरची ग्राउंडची पिन असते आणि ही सगळी धडपड तिथूनच बाहेर पडते. ती थोडी जरी चित्रात झिरपली, तरी दर आठ ठिपक्यांनी एक फिकट सावली पडते. टीव्हीला ती गाळता येत नाही, कारण साधारण 665 किलोहर्ट्झचा हा संदेश चित्राच्या स्वतःच्या फ्रीक्वेन्सींच्या पट्ट्यातच बसतो. अस्सल यंत्रंही यातून सुटली नव्हती. 1993 मध्ये अमेरिकेत निघालेली एनईएसची, म्हणजे फॅमिकॉमच्या परदेशी भावंडाची, सुटसुटीत आवृत्ती या उभ्या पट्ट्यांसाठीच बदनाम झाली. म्हणून तुमच्या गेममध्येही थोडे पट्टे पहिल्यापासून असतील. पूर आल्यावर ते डोळ्यांत भरण्याइतके वाढले.

का वाढले? या ठिकाणी बहुतेक दुरुस्तीवाले चित्राच्या वायरच्या मागे लागतात, आणि तिथेच चुकतात. चित्र वाहणारा ट्रॅक तुटला असता तर चित्र आलंच नसतं. वाढलेले पट्टे म्हणजे ग्राउंड कुठेतरी अर्धवट खाल्लं गेलं आहे. ग्राउंड म्हणजे सगळ्या आयसींचा करंट परत जाण्याचा सामाईक रस्ता. चाळीतल्या सामाईक मोरीचं तोंड अर्धं तुंबलं, की वरच्या मजल्यावर कुणी बादली ओतली तरी पाणी खालच्यांच्या मोरीत वर येतं. तसा इथे मेमरीचा, गेमच्या आयसीचा, सगळ्यांचा करंट चित्राच्या पायथ्याशी चढतो. दुकानदारानं जोडलेला ट्रॅक कुठला होता ते बघा. तो जाड ग्राउंडचा असेल आणि त्याच्या जागी केसाएवढी बारीक वायर टाकली असेल, तर अर्धा तपास झालाच.

ग्राउंड तपासताना मल्टिमीटरच्या बीपवर विसंबू नका. अर्धवट खाल्लेला ट्रॅकही बीप देतो. साध्या मीटरला 0.2 ओहम आणि शून्य यांतला फरक नीट कळत नाही. त्याऐवजी गेम चालू ठेवून मीटर 200 मिलिव्होल्ट डीसीवर घ्या. काळा प्रोब पिवळ्या व्हिडिओ सॉकेटच्या बाहेरच्या कड्याला लावा आणि लाल प्रोब चित्राच्या आयसीच्या 20 नंबर पिनला. आकडा दोन-पाच मिलिव्होल्ट असेल तर ठीक. पन्नास-साठ दिसले तर चोर सापडला. 0.2 ओहममधून 300 मिलिॲम्पिअर गेले की बरोबर 60 मिलिव्होल्ट होतात, आणि काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतचं तुमचं चित्र आहेच मुळी 700 मिलिव्होल्टचं. हे साठ स्थिर राहिले असते तर डोळ्यांना कळले नसते, पण त्यातला काही भाग दर आठ ठिपक्यांमागे हलतो आणि पट्टा होऊन दिसतो. असंच 20 नंबर पिन आणि 7805 ची मधली पिन यांच्यामध्येही मोजा. मग लाल प्रोब ट्रॅकवर पुढे-पुढे सरकवत न्या. जिथे आकडा एकदम उडी मारेल तिथे तांबं खाल्लेलं आहे, वरचा हिरवा थर अगदी चकचकीत असला तरी.

दुरुस्तीच्या आधी बोर्ड धुवा. आईनं पाण्यानं धुतला हे चांगलंच केलं, गाळ निघाला, पण क्षार मागे राहतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ केसांचा ब्रश घ्या, आयसीच्या पोटाखालूनही घासा आणि दिवसभर वाळू द्या. तुमचा बोर्ड तपकिरी असेल तर तो कागद आणि फिनॉलिक रेझिनचा आहे. तो ओलीनं फुगतो आणि पॅड सहज सुटतात, म्हणून सोल्डरिंग आयर्न एका जागी तीन सेकंदांहून जास्त ठेवू नका. हिरवा पडलेला ट्रॅक ब्लेडच्या टोकानं हलक्या हातानं खरवडा, खाली लालसर तांबं दिसलं पाहिजे. काळं पडलेलं तांबं सोल्डर धरत नाही, ते सोडून द्या आणि पुढच्या चांगल्या टोकापासून वायर न्या.

ही वायर जाड हवी. 20 नंबर पिनपासून एक वायर थेट 7805 च्या मधल्या पिनला आणि दुसरी सॉकेटच्या कड्याला टाका. नंतर 104 लिहिलेला छोटा सिरॅमिक कंडेन्सर घेऊन बोर्डच्या मागून त्याच आयसीच्या 40 आणि 20 नंबर पिनांमध्ये जोडा. चाळीस नंबरला पाच व्होल्ट येतात. या दोन पिना आयसीच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत आहेत, अंतर पाच सेंटिमीटर, त्यामुळे पायांवर प्लास्टिकची नळी चढवायला विसरू नका. शेजारी 100 मायक्रोफॅरॅडचा एक इलेक्ट्रोलिटिकही लावा. आता करंटच्या बारीक धडपडी जागच्या जागी भागतात, पूर्ण बोर्डभर फिरत नाहीत. हे सामान पन्नास रुपयांच्या आत येतं. मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीत मिळेलच, आणि टीव्ही दुरुस्तीच्या कुठल्याही जुन्या दुकानातही मिळतं.

एवढ्यानं पट्टे इतके फिके होतील, की खेळताना जाणवणार नाहीत. काही जण यापुढे जाऊन 21 नंबरची पिन बोर्डमधून उचलतात आणि वेगळ्या ट्रान्झिस्टरवरून चित्र बाहेर काढतात. चांगल्या बोर्डवर हा उपाय खरोखर छान चालतो. तुमच्या बोर्डवर तो करू नका. पुरात राहिलेल्या आयसीच्या पिना खांद्यापाशी आतून गंजलेल्या असतात, वाकवल्या की तुटतात, आणि मग दुकानदाराचं म्हणणं खरं होईल.

राहिला रंग. बोर्डवर पत्र्याच्या छोट्या डबीत 26.601712 मेगाहर्ट्झचा क्रिस्टल असतो. चित्राचा आयसी त्याला सहानं भागून पालचा रंगाचा 4.43 मेगाहर्ट्झचा संदेश बनवतो. टीव्ही हा आकडा काहीशे हर्ट्झच्या आतच मान्य करतो. त्याबाहेर गेला, की तो रंग बंद करून काळं-पांढरं चित्र दाखवतो. क्रिस्टलच्या पायांभोवती क्षारांचा थर असेल, किंवा शेजारचा छोटा ट्रिमर आतून गंजला असेल, तर दमट हवेत हा आकडा सरकतो. रंग पावसाळी दिवसांत जास्त जातो का, ते आठवून बघा. आधी अल्कोहोलनं तेवढाच भाग पुन्हा स्वच्छ करा, क्रिस्टलचे दोन्ही पाय नव्यानं सोल्डर करा. त्यानंतरही रंग गेला, तर ट्रिमर अगदी केसभर फिरवून बघा, पण त्याआधी त्याच्या मूळ जागेची पेनानं खूण करून ठेवा.

प्रश्न : माझ्या अशाच गेममध्ये काही कॅसेट लावल्या, की प्रत्येक अक्षरातून एक ठळक उभी रेघ जाते. कॅसेट काढून फुंकर मारली की नीट होतं. ही वरच्यासारखीच गडबड का? (नाशिकहून)

उत्तर : नाही, ही वेगळी आहे, आणि बरी आहे. फिकट सावली म्हणजे मिसळलेली गडबड. ठळक, कडक, रंगीत रेघ म्हणजे चुकीची माहिती. अक्षराचा नक्षा आठ डेटा लाइनवरून येतो आणि प्रत्येक लाइन आठ ठिपक्यांपैकी एका उभ्या रांगेची मालक असते. कॅसेटच्या साठ संपर्कांपैकी एक सैल पडला, की सगळ्या अक्षरांतली तीच रांग बिघडते. रेघ अक्षराच्या डाव्या कडेला असेल तर सातवी लाइन, उजव्या कडेला असेल तर शून्यावी. अक्षरं आपापल्या जागी आहेत, म्हणजे बोर्डवरची मेमरी ठीक आहे. तिचा बिघाड असता, तर भलत्याच जागी भलतीच चित्रं आली असती आणि हलणारी पात्रं मात्र धड दिसली असती.

फुंकरीनं काही होत नाही. कॅसेट काढून पुन्हा घालताना संपर्क घासले जातात, तेवढ्यानं काम होतं. तोंडातली वाफ मात्र पितळी पात्यांवर बसते आणि हळूहळू त्यांना खाते. कापसाची काडी अल्कोहोलमध्ये बुडवून कॅसेटच्या सोनेरी पट्ट्या पुसा, काडी काळी यायची थांबेपर्यंत. खोडरबर वापरू नका, त्यानं वरचा पातळ मुलामा निघतो. नंतर कॅसेट दोन मिनिटं वाळू द्या आणि गेम बंद असतानाच आत घाला.